निळ्या धाग्याचा दोर

आप्पा फोनवर बोलायला लागले की शेजारच्या चार घरांना हातातलं काम सोडून ऐकावंच लागायचं. त्यांना स्वतःला कमी ऐकू यायचं, त्यामुळे सगळ्या जगालाच कमी ऐकू येतं अशी त्यांची ठाम समजूत होती. त्या सकाळी ते शेडच्या तोंडाशी उभे राहून असे ओरडत होते, की पलीकडच्या माणसाने फोन ठेवून नुसती खिडकी उघडली असती तरी भागलं असतं.

"हो साहेब. दोर आमचाच, घायपाताचा. काय? बाई आहात? बरं बाईसाहेब. समुद्रापार जातो, हो, बोटी बांधायला. निळा धागा. बरोबर, तोच."

धाकटी लेक दाराशी बसून वाख, म्हणजे घायपाताच्या पानांतले तंतू, भिजवत होती. उन्हाळा असा होता की वाख भिजवून हातात घेईपर्यंत वरचा पदर सुकून कुरकुरायला लागायचा. विहीर तळाला गेलेली, त्यामुळे त्याच पाण्यात वाख भिजवायचा, तेच पाणी पिळून पुन्हा टाकीत, आणि त्याला असा वास सुटलेला की आई म्हणायची, या पाण्याने हात धुतले तर हात धुवायला वेगळं पाणी लागेल.

आप्पांनी फोन बंद केला आणि खिशात ठेवायला गेले, पण त्यांना खिसाच सापडेना.

"व्यापार कचेरीतून होत्या," ते म्हणाले. "परदेशात माल पाठवून ज्यांनी या भागाचं नाव काढलं, त्यांचा मान करणार आहेत. मोठा समारंभ. आपलं नाव निघालंय. परवा काम बघायला येणार, फोटो काढणार."

आई ओले हात पुसत बाहेर आली. "चांगलंच झालं की. मग तोंड असं का केलंय?"

"कारागिरीण कोण, असं विचारत होत्या. मी सांगितलं."

"कोणाचं नाव सांगितलंत?"

आप्पांनी मोठ्या लेकीचं नाव घेतलं.

वर्षभरात ते नाव त्या घरात कोणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. चाकापाशी बसलेले भाऊजी, थोरलीचा नवरा, उठले, काहीतरी आणायला निघाल्यासारखे कोपऱ्यापर्यंत गेले, तिथे आणण्यासारखं काही नाही हे बघून परत आले आणि बसले. आई पुसलेलेच हात पुन्हा पुसत राहिली.

ताई गेल्या उन्हाळ्यात वारली होती.

*

त्या घरात दोर वळायचं काम सगळे करत, पण चालायचं काम एकाचंच असायचं. शेड चांगली लांबलचक, दोन्ही टोकांना दार, मधोमध पायांनी घोटून घोटून भांड्यासारखी गुळगुळीत झालेली जमीन. तिला सगळे वाट म्हणत. पुढच्या टोकाला चाक. ते भाऊजी फिरवायचे. चालणाऱ्याने कमरेला वाखाची जुडी बांधायची, त्यातलं एक टोक चाकाच्या आकड्याला अडकवायचं आणि बोटांतून वाख सोडत पाठमोरं चालत मागच्या दारापर्यंत जायचं. चाक पीळ देत राहणार, बोटं वाख देत राहणार. मान वळवायची नाही. मान वळली की बोटं ढिली पडतात, दोराच्या पोटात हवा राहते, आणि असा दोर कुठल्यातरी बंदरात, वादळात, नेमका नको तेव्हा सुटतो.

"तुम्ही खेकड्याच्या वरताण," टेम्पोवाला म्हणायचा. तो मालाचे गठ्ठे न्यायला यायचा आणि जाताना बातम्या घेऊन जायचा, दोन्हींचं भाडं वेगळं लावत नसे एवढंच. "खेकडा निदान आडवा तरी चालतो."

चालणाऱ्या प्रत्येकाचा एक धागा असायचा. पहिला खरा दोर वळला, की शिकवणाऱ्याने आपल्या हाताने त्याला एक रंग द्यायचा, आणि मग जन्मभर त्या रंगाचा धागा त्याच्या दर दोराच्या पोटातून जायचा. आप्पांचा तांबडा. त्यांचे गुडघे गेले तेव्हा तांबडा बंद झाला. ताईला त्यांनी निळा दिला, आणि निळ्याने कमाल केली. समुद्रापारचे बोटवाले दोराचं टोक उसवून बघायचे, आत निळं दिसलं की बाकी काही तपासायचे नाहीत, असं परदेशी माल पाठवणारे सांगत. ताई जन्मात वेशीच्या पलीकडे दोन बाजारांपुढे गेली नाही. तिचा धागा मात्र कुठल्या कुठल्या बंदरात खाऱ्या पाण्यात भिजत होता.

चालणारं माणूस गेलं, की त्याच्या धाग्याचं रीळ वाटेवरून बाहेर न्यायचं. चाकापासून मागच्या दारापर्यंत, तोंड पुढे करून, सरळ. बिचारा जन्मभर उलटा चालला, एकदा तरी समोर बघत जाऊ दे. ज्याने धागा दिला त्यानेच ते न्यायचं, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. बाहेर पडून दार ओढून घ्यायचं, रीळ बांधावर पुरायचं, आणि त्या रंगाचा दोर पुन्हा वळायचा नाही. वळला तर गेलेल्याला चालावं लागतं, असं आप्पांच्या आईने आप्पांना सांगितलं होतं आणि आप्पांनीच पोरींना.

आणि आप्पांनी ताईचं रीळ नेलं नव्हतं.

आधी म्हणाले, चार दिवस जाऊ देत. मग समुद्रापारची मागणी आली: दोर हवा, निळा हवा. धाकटीने जुडी कमरेला बांधली आणि ती ताईच्या जागी चालायला लागली. तिला स्वतःचा धागा मिळालेला नव्हता, मग निळाच घातला. रीळ संपलं तेव्हा आप्पांनी गुपचूप निळ्या रंगाच्या जुन्या भांड्यात नवा धागा रंगवला आणि जुन्याच रिळावर गुंडाळला.

ताईची छाती वाखाच्या धुळीने गेली होती. शेवटच्या उन्हाळ्यात वाटेच्या मधला खांब ओलांडला, की तिच्या श्वासाला आत जाताना शिट्टी लागायची. भाऊजी कोणी न सांगता चाक हळू करायचे.

आता धाकटी चालायची, आणि तो खांब ओलांडला की तिच्या मानेमागे, अगदी हातभर अंतरावर, शिट्टी लागलेला श्वास चालायचा. पहिल्यांदा तिला वाटलं वारा असेल. मग वाटलं दार कुरकुरत असेल. माणूस स्वतःला किती शेंड्या लावू शकतो याला काही मर्यादाच नाही. पण वारा काही दोन पावलं चालून थबकत नाही. वारा गिळत नाही.

फोन आला त्या दिवशी दुपारी तिने भाऊजींना विचारलं. "खांबाच्या पुढे गेले की तुम्ही चाक हळू का करता?"

भाऊजी बोलण्याच्या बाबतीत तसे कंजूसच. "करतो का?"

"रोज."

त्यांनी चाकाची मूठ फडक्याने पुसली. ती स्वच्छच होती. "दम लागलेला ऐकू येतो म्हणून."

"मला दम लागत नाही, भाऊजी. मी विहिरीपर्यंत पळत जाऊन भरल्या बादलीने परत येते, तरी लागत नाही."

"ठाऊक आहे," भाऊजी म्हणाले.

उरलेला वाख दुपारभर तसाच सुकत राहिला.

*

दुसऱ्या दिवशी टेम्पोवाला आला तेव्हा बातमी त्याच्या आधीच सगळीकडे पोचली होती, हे त्याच्या फार जिव्हारी लागलेलं दिसलं.

"मान होणार म्हणे," गठ्ठा उचलता उचलता तो म्हणाला. "आता आम्हाला ओळखाल ना? की टेम्पोलाही निळा रंग द्यावा लागेल?"

"तू आधी टायर बदल," आई म्हणाली. "रंगाचं नंतर बघू."

तो हसला, मग आवाज उतरवून म्हणाला, "काकू, लोक काय बोलतात ते सांगू का? बोलतात, थोरलीच्या जागी धाकटी चालते, थोरलीचा धागा घालते. उद्या थोरलीच्या नवऱ्यापाशीही तिलाच—"

"गठ्ठा नीट बांध," आईने त्याचं बोलणं मधेच तोडलं. "वाटेत सुटेल."

धाकटी दाराआड होती. तिने ऐकलं. तिची कानशिलं तापली. चाकापाशी भाऊजी पाठ करून बसले होते. त्यांनीही ऐकलं असणार, कारण त्यांनी चाक सुरू केलं. आकड्याला काहीच अडकवलेलं नव्हतं आणि चाक नुसतंच घरघरत होतं.

संध्याकाळी जेवताना आप्पांनी ताट पुढे सरकवलं. "उद्या त्या बाई येतील. तू ताईचे ठेवणीतले कपडे घाल."

"का?"

"त्यांना सांगितलंय तेच त्यांनी बघायला नको?"

"म्हणजे मी ताई व्हायचं."

"बोलायचं नाही काही. मान हलवायची. एका दिवसाचा प्रश्न आहे."

"वर्ष झालं, आप्पा," धाकटी म्हणाली. "एक दिवस कुठला."

आईने पेला जोरात ठेवला. "पोरगी खरं बोलतेय. रीळ न्या आधी. मग काय मान घ्यायचा तो घ्या. मला रात्री झोप नाही, हिला दिवसा हाक मारताना तिचंच नाव तोंडात येतं. त्या वाटेवरून मी आता केरसुणीही फिरवत नाही."

"रीळ नेलं की निळा बंद. निळा बंद झाला की कसला मान आणि कसली मागणी."

"दुसरा रंग पाठवा. दोर तोच आहे."

"बोटवाल्यांना ते सांगायला तू जा पोहत."

कोणीच हसलं नाही. धाकटी ताटाकडे बघत म्हणाली, "तिला धाप लागते, आप्पा. खांबाच्या पुढे. रोज."

"मला नाही ऐकू येत."

"तुम्हाला फोनही ऐकू येत नाही."

एरवी यावर आप्पांनी घर डोक्यावर घेतलं असतं. या वेळी ते भिंतीकडे बघत राहिले आणि बोलले ते एवढ्या हळू, की आईला पुढे वाकावं लागलं. "एवढी राबली ती. कोणी तिचं नाव तरी घेतलं का? टेम्पोवाला 'तुमचा माल' म्हणायचा. बोटवाले 'निळा' म्हणायचे. एकदा कोणीतरी माइकवर तिचं नाव घेऊ दे. भरल्या सभेत. लोकांनी टाळ्या वाजवू देत. मग नेतो रीळ. तोवर तिला जाऊ कसं देऊ?"

धाकटीने रागाने लाल व्हायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं. भाऊजींनी हात न धुताच ताट उचललं आणि ते बाहेर गेले.

*

ताईचे कपडे धाकटीला खांद्यांत घट्ट आणि लांबीला आखूड झाले. आईने शिवण उसवून दिली, तोंडात सुई धरून, एक शब्द न बोलता. कपड्यांना अजून वाखाचा वास होता. धुतले तरी तो जात नाही, पिळासारखा.

कचेरीतल्या बाई आल्या त्या मोठ्या हसऱ्या निघाल्या. चष्मा, चपटे बूट, खांद्याला पिशवी, धुळीची पर्वा नाही. त्यांच्याबरोबर फोटो काढणारा होता, तो मात्र बूट झाडत झाडतच आत आला. बाईंनी धाकटीचे दोन्ही हात हातात घेतले, तळवे उलटे करून पाहिले आणि ताईचं नाव घेऊन म्हणाल्या, "तुमच्याबद्दल एवढं ऐकलंय. यंदाचा दोर तर म्हणे आजवरच्यापेक्षा सरस. तिकडून मुद्दाम कळवलंय."

धाकटीने मान हलवली. मान हलवायला किती कष्ट पडतात ते तिला त्या दिवशी कळलं. यंदाचा दोर. यंदा ताई कुठे होती?

"आधी फोटो काढून टाकू, उजेड चांगला आहे," फोटोवाला म्हणाला. "चाक फिरवणारे यजमान का? या, दोघं चाकाशी उभे राहा. जरा जवळ. अहो, आणखी जवळ, नवराबायको आहात ना, भांडण झालंय का?"

भाऊजी जागचे हलले नाहीत. त्यांच्या मानेवरून घामाची धार उतरत होती. फोटोवाल्याने मोकळेपणाने त्यांचा दंड धरून त्यांना धाकटीच्या बाजूला सरकवलं. त्यांनी मधे चाकाची मूठ धरून ठेवली, तेवढंच अंतर राहिलं. आई आत निघून गेली. आतून भांडी पडल्याचा आवाज आला.

"हसा की," फोटोवाला म्हणाला.

फोटो निघाला.

"आता काम बघू या," बाई म्हणाल्या. त्या वाटेच्या कडेने चालत मधल्या खांबाच्या थोड्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या, म्हणजे कारागिरीण जवळून जाताना दिसेल. आप्पा त्यांच्या शेजारी, ठेवणीतल्या बुटांत पाय अवघडलेले.

धाकटीने जुडी बांधली. निळा धागा वाखात धरला. भाऊजींनी चाक सुरू केलं आणि ती पाठमोरी निघाली. एकदा पाय वाटेला लागले की तिचं तिला बरं वाटायचं. टाच टेकायची, चवडा टेकायचा, बोटांतून वाख सरसरत जायचा, दोर समोर ताणून गुणगुणायला लागायचा. फोटोवाल्याचं तोंड उघडं राहिलं होतं. खांब मागून आला, बाजूने गेला.

चाक हळू झालं.

धाकटी बाईंच्या समोरून जात होती. बाईंनी कौतुकाने पाहिलं, मग त्यांच्या कपाळावर आठी आली आणि त्या आप्पांच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हणाल्या, "अहो, थांबवा त्यांना. केवढी धाप लागलीय. जरा बसू द्या, पाणी द्या. आम्हाला काही घाई नाही."

आप्पांनी धाकटीकडे पाहिलं.

धाकटी थांबली होती. दोर ताठ धरून ती उभी होती. तिचं तोंड बंद होतं. घट्ट कपड्यांखाली तिची छाती शांत, संथ वर-खाली होत होती, नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसाची होते तशी.

"मला नाही लागली, बाई," ती म्हणाली.

"पण मला स्पष्ट—" बाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी धाकटीच्या मागे पाहिलं. तिथे वाट होती, उघडं मागचं दार होतं, दारातून आलेलं पांढरं ऊन होतं.

आप्पांना ऐकू आलं की नाही, हे त्यांनी पुढे कधी सांगितलं नाही. ते धाकटीच्या बंद तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांचे ओठ हलायला लागले, आणि ज्या आवाजात ते पोरींना त्या लहान असताना झोपवायचे त्या आवाजात ते म्हणाले, "बस झालं गं. बस झालं."

ते गुडघे सावरत चाकापर्यंत गेले. आकड्याशेजारच्या खिळ्यावरून त्यांनी निळं रीळ काढलं. धाकटीच्या हातातल्या दोरापर्यंत जाणारा धागा दातांनी तोडला आणि दोराचं टोक आकड्यावरून सोडवलं. दोर धाकटीच्या बोटांत उलटा फिरत सैल झाला, त्याच्या गुंडाळ्या झाल्या, आणि तिने तो सुटू दिला. भाऊजी उठून उभे राहिले. आई आतल्या दारात आली होती.

आप्पा वाटेने निघाले. तोंड पुढे करून, सरळ, दोन्ही हातांत रीळ धरून, लहान मूल पाण्याने भरलेली वाटी नेतं तसे. बुटांत त्यांना चालवत नव्हतं, मधेच त्यांनी ते पायातून काढले. फोटोवाल्याने कॅमेरा उचलला, बाईंनी त्याचा हात खाली केला. आप्पा खांबाजवळून गेले, धाकटीच्या अंगावरून गेले, तिच्याकडे न बघता. मग दारातल्या उन्हात गेले आणि त्यांनी मागे हात करून दार ओढून घेतलं.

शेडमध्ये एकदम अंधारल्यासारखं झालं. आतल्या दारात आईने एकदाच नाक ओढलं.

"हे परत येतील ना?" बाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"येतील," आई म्हणाली. "घराला वळसा घालून. त्या दाराने नाही यायचं."

आप्पा आले तेव्हा त्यांच्या पायांना बांधावरची माती होती आणि नखंही मातीने भरली होती. बाई पुढे झाल्या. त्यांना अर्धं कळलं होतं, अर्धं त्यांना विचारायचं नव्हतं. "मी नाव कोणाचं घालू?" एवढंच त्या म्हणाल्या.

"मी खोटं सांगितलं," आप्पा म्हणाले. ओरडून नाही. "थोरली गेली, वर्ष झालं. निळाही आता गेला. तुम्हाला मान काढून घ्यायचा असेल तर घ्या, आम्ही काही तोंड वर करून बोलणार नाही."

"मान यंदाच्या मालाचा आहे," बाई म्हणाल्या. "यंदाचा कोणी वळला?"

आप्पांनी धाकटीकडे बोट दाखवलं, आणि त्यांनी तिचं नाव घेतलं. तिचंच. मधे न अडखळता.

"मग त्यांचं काम तर बघायचं राहिलंच," बाई म्हणाल्या.

धाकटीने सैल झालेला गुंता कापून बाजूला टाकला. नवी जुडी बांधली. धागा नव्हता. आप्पा म्हणाले, देईन, आधी रंग सुचू दे. म्हणून नुसता वाख घेऊन, बिनरंगी दोर वळत, ती निघाली. चाक एका लयीत फिरत होतं, खांब आला तेव्हाही. बोटांतून वाख सरसरत होता. मानेमागे श्वास नव्हता. पावलांचा आवाज होता, तो तिच्याच पावलांचा. वाट एवढी लांब आहे हे तिला कधी कळलंच नव्हतं. ती चालत राहिली, चालत राहिली, आणि कुणी थांबवलंच नाही म्हणून धाडकन पाठ दारावर आदळली.

बाई दचकल्या. फोटोवाला हसला आणि लगेच गप्प झाला.

वर्षभरात, दार बंद असलं तरी, धाकटीची पाठ त्याला एकदाही लागली नव्हती. मागे न बघता ती नेमकी दारापाशी थांबायची, कशी ते तिने कधी स्वतःलाही विचारलं नव्हतं. आता पाठीत कळ निघत होती, डोळे भरून आले होते, आणि पलीकडच्या टोकाला चाक ओढत होतं. तिने पाठ दाराला तशीच टेकवून ठेवली आणि हातातला ताण जराही ढिला पडू दिला नाही.